पाढे तोंडपाठ, मग अपूर्णांकच का अडतात?

“पाचवीपर्यंत गणितात चांगले मार्क होते हो, अपूर्णांक आले आणि हिचं डोकंच चालेनासं झालंय.” पहिली घटक चाचणी झाली की हे वाक्य घेऊन आईवडील माझ्याकडे समुपदेशनाला येतात. त्यासोबत निष्कर्षही तयार असतो: अमूर्त काही हिला झेपत नाही.

तनया (नाव बदललं आहे) सहावीत. आई घरी ब्लाऊज शिवते. “मॅडम, तीसपर्यंत पाढे म्हणते, पण १/३ मोठं की १/४, एवढंही चुकवते.”

तनयाला विचारलं. “१/४. चार मोठे ना!”

“बरं. आईने पाऊण मीटर अस्तर आणायला सांगितलं, तर ते किती सेंटिमीटर?”

“पंचाहत्तर.” विचारायचा अवकाश.

कागदावर ३/४ लिहून पुढे सरकवलं. “आणि हे किती?”

“तीन आणि चार.”

म्हणजे पाऊण तिला पक्कं येत होतं, ३/४ येत नव्हतं. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीने १९३४ सालच्या पुस्तकात हाच फरक मांडला: व्यवहारातून आपोआप घडणाऱ्या कल्पना वेगळ्या, शाळेत व्याख्येतून येणाऱ्या वेगळ्या. दोन्हींची गाठ पडली तरच कल्पना पक्की होते. या बाबतीत मी वायगॉट्स्कीच्याच बाजूची. “वय वाढलं की कळेल” हा सल्ला स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या नावावर खपवला जातो. अमूर्त तर्क साधारण अकरा-बारापासून जमू लागतो असं त्याने म्हटलं खरं, पण मूल स्वतः वस्तू हाताळून समज उभी करतं, हेही त्याचंच म्हणणं.

आता “चार मोठे ना” याकडे पाहा. मोठा आकडा म्हणजे मोठी संख्या, हा नियम पाच वर्षं एकदाही खोटा ठरलेला नाही. मन तोच पुढे वापरतं. अंश आणि छेद त्याला दोन सुट्या संख्या दिसतात. अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ चं अंदाजे उत्तर विचारलं होतं. पर्याय १, २, १९, २१. बरोबर उत्तर, म्हणजे २, जेमतेम २४ टक्क्यांनी निवडलं. निम्म्याहून जास्त मुलं १९ किंवा २१ वर गेली. तेव्हा तुमच्या लेकीला एकटीला दोष देऊ नका.

तनयाने १/२ + १/३ चं उत्तर २/५ लिहिलं होतं. ते खोडलं नाही. २४ सेंटिमीटरच्या सारख्या कागदी पट्ट्या दिल्या. अर्धी १२ सेंटिमीटर, तिसरा हिस्सा ८. दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून ठेवले. मग म्हटलं, “आता तुझे २/५ काप.” तिने भागाकार केला, ४.८ चे दोन, ९.६ सेंटिमीटर. तुकडा अर्ध्या पट्टीखाली धरला. बराच वेळ नुसती बघत राहिली.

“अर्ध्यात मिळवलं आणि अर्ध्याहूनही कमी झालं?”

मी गप्प. अशा वेळी समजावायला जाऊ नये, हे शिकायला आम्हा समुपदेशकांना फार वर्षं लागतात.

“हे चूक आहे,” ती स्वतःच म्हणाली. “मग किती?”

“दोन्ही तुकडे नेमके मोजेल असा एक छोटा तुकडा शोध.” सहाचा घेतला, बाराला पुरला, आठला नाही. चारचा घेतला: इकडे तीन, तिकडे दोन. अख्ख्या पट्टीत चारचे सहा. “सहातले पाच! म्हणून बाई छेद सारखे करायला सांगतात?” लसावि तिला आधीच येत होता, पण तो कशासाठी काढायचा हे आत्ता कळलं.

घरी करायचं तर २४ सेंटिमीटरच घ्या. २, ३, ४, ६, ८, १२ या सगळ्यांनी भाग जातो. तिसऱ्या हिश्श्यासाठी ८ आणि १६ वर खूण करा. गोल भाकरीचे तीन सारखे भाग नजरेने होत नाहीत, शिवाय “चारातले पाच कसे घेणार?” म्हणून मूल ५/४ ला अडतं. पट्टीला दुसरी पट्टी जोडता येते.

पट्टीवरच थांबलात तर १/४ म्हणजे ‘कागदाचा तुकडा’ एवढंच डोक्यात बसेल. तोच पाव पेलाभर पाण्यात, २४ बटणांत, तासात (१५ मिनिटं) शोधायला लावा. वेगळ्या वस्तूंत समान काय, हे ओळखताना कल्पना वस्तूपासून सुटते. चुकीची उदाहरणंही द्या: चार असमान भाग करून “यातला हा पाव का?” आणि ६० सेंटिमीटरच्या पट्टीचा पाव (१५) २४ च्या अर्ध्यापेक्षा (१२) मोठा कसा, हेही विचारा. “कशाचा?” हा प्रश्न मुलाला पडायला हवा.

मग पट्ट्या उचलून ठेवा. आधी डोळे मिटून उत्तर, मग चित्र, आकडे शेवटी. बहुतेक पालक थेट आकड्यांवर उडी मारतात. काही पट्टी सोडतच नाहीत. ७/८ आणि ५/६ मध्ये मोठं कोणतं, हे मुलाने “आठवा हिस्सा लहान, म्हणून तिथे कमी उरतं” असं पट्टीशिवाय सांगितलं, की पुढे जा. नंतर ० ते ४ च्या संख्यारेषेवर ३/४ दाखवायला सांगा. बोट ३ आणि ४ च्या मधे गेलं, तर पुन्हा पट्टी काढा.

सहावीतल्या मुलाला ३७ आणि ७३ मधलं मोठं ओळखायलाच अडत असेल, घड्याळ आणि सुट्टे पैसेही जमत नसतील, तर अडचण अपूर्णांकांची नाही. अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मोठ्या सरकारी रुग्णालयांतही ती सोय असते.