ब्रेकनॉकशरची पलटण: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

वेल्समधील ब्रेकनॉकशर या डोंगराळ परगण्याच्या अर्धवेळ पायदळ पलटणीविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न: नियमित सैन्य असताना अशी स्वयंसेवी पलटण उभारण्याची गरज का पडली?

क्रिमियाचे युद्ध आणि त्यामागोमाग १८५७ चा हिंदुस्थानातील उठाव यांमुळे ब्रिटनचे नियमित सैन्य परदेशात गुंतून पडले होते. अशा वेळी १८५८ च्या जानेवारीत ओर्सिनी नावाच्या इटालियन क्रांतिकारकाने फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्यावर बॉम्ब फेकले. ते बॉम्ब इंग्लंडमध्ये तयार झाल्याचे उघड होताच दोन्ही देशांचे संबंध बिघडले आणि फ्रेंच स्वारीची धास्ती पसरली. मे १८५९ मध्ये युद्ध खात्याने परगण्यांच्या लॉर्ड लेफ्टनंटांना (परगण्यातील राजाच्या प्रतिनिधींना) परिपत्रक धाडून रायफलधारी स्वयंसेवकांची पथके उभारण्यास परवानगी दिली. त्यानुसार ब्रेकन, ब्रिनमॉर, क्रिकहॉवेल आणि ‘हे’ नावाचे गाव अशा ठिकाणांहून छोटी पथके निघाली. गणवेश आणि शस्त्रे यांचा खर्च सुरुवातीला ज्याचा त्याने करायचा होता, त्यामुळे या पथकांत वकील, दुकानदार, कारकून अशा पांढरपेशांचा भरणा असे. सरकारी अनुदान वाढले तसा कामगारवर्गही येऊ लागला. शांततेच्या काळात चौदा दिवसांची सूचना देऊन स्वयंसेवकाला पथक सोडता येत असे. सैन्याच्या शिस्तीत ही मुभा विचित्रच म्हणायची, पण तिच्यामुळेच लोक निर्धास्तपणे नाव नोंदवीत असावेत. १८८० मध्ये ही विखुरलेली पथके एका पलटणीत गुंफली गेली आणि १८८५ पासून ती साउथ वेल्स बॉर्डरर्स या रेजिमेंटची स्वयंसेवी पलटण म्हणून ओळखली जाऊ लागली.

प्रश्न: दक्षिण आफ्रिकेतील झुलू युद्धात रोर्क्स ड्रिफ्टच्या ठाण्याचा बचाव करणारे सैनिक याच पलटणीचे होते का?

नाही. जानेवारी १८७९ मध्ये तेथे लढले ते २४ व्या रेजिमेंटचे नियमित सैनिक. या रेजिमेंटचे भरती केंद्र १८७३ पासून ब्रेकन येथे होते आणि १८८१ मध्ये तिचेच नाव साउथ वेल्स बॉर्डरर्स झाले, त्यामुळे हा घोटाळा वारंवार होतो. स्वयंसेवकांना कायद्याने देशाबाहेर पाठवताच येत नव्हते. बोअर युद्धात खास तुकड्या करून इच्छुकांना नियमित पलटणींबरोबर दक्षिण आफ्रिकेत नेले, तेव्हा या बंधनाला वाट काढून दिली गेली.

प्रश्न: इतर प्रादेशिक पलटणींना क्रमांक असतात, हिला नुसतेच ‘ब्रेकनॉकशर बटालियन’ का म्हणत?

युद्धमंत्री हॉल्डेन यांच्या १९०७ च्या कायद्याने १ एप्रिल १९०८ रोजी टेरिटोरियल फोर्स, म्हणजे अर्धवेळ सैनिकांचे प्रादेशिक दल, अस्तित्वात आले. साउथ वेल्स बॉर्डरर्सच्या ज्या स्वयंसेवी पलटणी शेजारच्या मॉनमथशर परगण्यात होत्या, त्यांची त्या वेळी वेगळी मॉनमथशर रेजिमेंट करण्यात आली. मूळ रेजिमेंटकडे एवढी एकच प्रादेशिक पलटण उरली. मोजायला दुसरी नव्हती, म्हणून क्रमांकही पडला नाही. चौदा दिवसांच्या सूचनेची सवलतही याच वेळी संपली आणि भरती चार वर्षांच्या कराराने होऊ लागली.

प्रश्न: पहिल्या महायुद्धात ही पलटण फ्रान्सच्या खंदकांऐवजी एडनला कशी पोहोचली?

१९०८ च्या रचनेतही प्रादेशिक सैनिकाची बांधिलकी मायदेशाच्या रक्षणापुरतीच होती. परदेशी जाण्यासाठी त्याने स्वतंत्र संमती देणे आवश्यक होते. ऑगस्ट १९१४ मध्ये सरकारला नियमित पलटणी तातडीने युरोपात हव्या होत्या आणि त्या तर साम्राज्यभरच्या छावण्यांत विखुरलेल्या होत्या. म्हणून छावण्यांचा पहारा संमती दिलेल्या प्रादेशिक पलटणींकडे सोपवून नियमित सैनिक मोकळे करण्यात आले. लॉर्ड ग्लॅनस्क यांच्या हाताखालील ब्रेकनॉकशरची पलटण ऑक्टोबरच्या अखेरीस जहाजावर चढली आणि नोव्हेंबरमध्ये अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील एडन बंदरात उतरली. १८३९ मध्ये जिंकल्यापासून एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले, तेव्हा कागदोपत्री पाहता हे वेल्सकर मुंबई सरकारच्याच मुलखात आले होते.

पुढच्या वर्षी येमेनमधून अली सईद पाशाच्या तुर्की सैन्याने एडनच्या उत्तरेकडील लाहेजच्या सुलतानावर चाल केली. हा सुलतान ब्रिटिशांचा मित्र होता, त्यामुळे त्याच्या मदतीला फौज पाठवणे भाग पडले. जुलै १९१५ च्या आरंभी, म्हणजे अरबी उन्हाळ्याच्या ऐन भरात, ब्रेकनॉकशरचे सैनिक आणि हिंदी पलटणींचे शिपाई एडनजवळच्या शेख उस्मान या गावाहून वाळूतून लाहेजकडे निघाले. त्या उन्हात माणसे रस्त्यावर कोसळू लागली, काही दगावली. भाड्याने घेतलेले उंटवाले पाण्यासह पसार झाले, तोफा वाळूत मागे राहिल्या आणि जे थोडे सैनिक लाहेजला पोहोचले त्यांना रात्रीच्या अंधारात संख्येने कितीतरी मोठ्या शत्रूशी सामना करावा लागला. त्या गोंधळात ज्याच्या रक्षणासाठी ही मोहीम निघाली होती त्या सुलतानालाच ब्रिटिश बाजूच्या सैनिकांची गोळी लागली आणि तो त्या जखमेने मरण पावला. फौजेला माघार घ्यावी लागली आणि ज्या शेख उस्मानच्या विहिरींवर एडनचे पाणी अवलंबून होते ते गावही गेले. इजिप्तहून ब्रिगेड घेऊन आलेल्या जनरल यंगहजबंड यांनी २१ जुलैला शेख उस्मान परत घेतले. लाहेज मात्र युद्ध संपेपर्यंत तुर्कांकडेच राहिले.

या अपयशाचे खापर काही लेखक अर्धवेळ सैनिकांच्या कच्च्या तयारीवर फोडतात. मला ते पटत नाही. जुलैत, पाण्याची खात्रीची सोय न करता आणि वाहतूक भाडोत्री माणसांवर सोपवून कूच करण्याचा निर्णय वरिष्ठांचा होता, आणि त्या दिवशी मुरलेल्या नियमित सैनिकांचेही फारसे निराळे झाले असते असे वाटत नाही.

प्रश्न: ही पलटण महूला होती असे इंदूरच्या एका वाचकाने कळवले आहे. ते खरे आहे का?

होय. ऑगस्ट १९१५ मध्ये एडनहून ती महूच्या छावणीत आली आणि १९१९ पर्यंत तेथेच राहिली. होळकरांच्या राज्यातील ही छावणी मराठी वाचकांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून परिचित आहे. १८९१ मध्ये त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ तेथे सैन्यात नोकरीला होते. पलटणीचे तेथील दिवस पहारे, कवायत आणि आजारपण यांतच गेले, त्याविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे.

प्रश्न: युद्धानंतर पलटणीचे काय झाले?

१९२२ च्या काटकसरीत ती मॉनमथशर रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीत विलीन झाली. दुसऱ्या महायुद्धात ही जोडपलटण नॉर्मंडीपासून जर्मनीपर्यंत लढली आणि २ एप्रिल १९४५ रोजी टॉइटोबुर्गच्या जंगलातील लढाईत तिच्या कॉर्पोरल एडवर्ड चॅपमन यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. मॉनमथशर रेजिमेंट १९६७ च्या पुनर्रचनेत संपुष्टात आली.

प्रश्न: मुंबईच्या चोरबाजारात मला ब्रिटिश वॉर मेडल मिळाले. कडेवर साउथ वेल्स बॉर्डरर्सचे नाव आणि सहा आकडी क्रमांक आहे. सैनिक याच पलटणीचा असेल का?

शक्यता चांगली आहे. १९१७ च्या आरंभी प्रादेशिक सैनिकांना सहा आकडी नवे क्रमांक देण्यात आले, आणि या रेजिमेंटच्या परदेशी गेलेल्या पलटणींत प्रादेशिक अशी ही एकच होती. मात्र तत्पूर्वीच्या कागदपत्रांत त्याच माणसाचा जुना, लहान क्रमांक आढळेल, म्हणून शोध नावानेही घ्यावा. हिंदुस्थान हे युद्धक्षेत्र मानले गेले नव्हते. त्यामुळे जो एडनला न जाता थेट महूला आला त्याला बहुधा हे चांदीचे पदकच मिळाले असेल, व्हिक्टरी मेडल मिळाले नसेल. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात पदकांच्या नोंदपत्रिका आहेत, तेथून आरंभ करावा. सैनिकांच्या सेवापुस्तिकांपैकी मोठा भाग सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, तेव्हा पुस्तिका सापडली नाही तर पदकावर संशय घेऊ नये.