लिफ्टमधलं अभिनंदन

"मॅडम, गाझातली मुलं बघितली की घास उतरत नाही. आणि इस्रायलमधल्या अश्दोदहून बहिणीचा फोन आला की तिच्यासाठी जीव तुटतो. मी माझ्याच माणसांशी बेइमानी करतेय का?"

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या, ठाण्यातल्या बेने इस्रायली (मराठी बोलणाऱ्या ज्यू) कुटुंबातल्या, पन्नाशीच्या ताई. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) 7 ऑक्टोबर 2023 ला हमासने बाराशेच्या आसपास माणसं मारली, अडीचशे ओलीस नेली. त्यानंतर भाच्याला राखीव सैनिक म्हणून बोलावणं आलं. मग गाझातल्या मृतांचा आकडा हजारोंनी वाढत गेला.

लंडन-न्यूयॉर्कच्या ज्यूंना अनेकदा जाब विचारला जातो, आपल्याकडे उलटंच. लिफ्टमध्ये शेजारी म्हणाले, "तुमच्या लोकांनी चांगलाच इंगा दाखवला हो!" ताई कसनुशा हसल्या आणि घरी येऊन रडल्या. आपण हसलोच का, याचा राग त्यांना जास्त होता.

कोण बरोबर, या वादात मी शिरले नाही. भाच्याची काळजी आणि त्या मुलांचं दुःख यांतलं एक खरं ठरवायला ताई बसल्या होत्या. तेच आधी थांबवायचं होतं. मी विचारलं, "तुमच्या घरात इस्रायलच्या सरकारशी कुणी भांडलं होतं का?"

"म्हणजे काय! आत्या धरणं धरून बसली होती."

तिथले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, बेने इस्रायलींची लग्नं लावायला खळखळ करायचे. 1964 मध्ये बेने इस्रायली माणसं जेरुसलेममध्ये आंदोलनाला बसली, तेव्हा कुठे संसदेने त्यांना पूर्ण ज्यू मानलं. आत्या मात्र शेवटपर्यंत तिथेच राहिली. हे सांगताना ताई पहिल्यांदा ताठ बसल्या.

बाकीचं साधंच. झोपण्याआधी व्हिडिओ बंद. शेजाऱ्यांसाठी एक वाक्य ठरवलं: "माझा भाचा तिथे आहे, मला यात आनंद वाटत नाही." शेजारी ओशाळले, भाच्याची चौकशी करू लागले. माणूस वाईट नव्हता.

बहिणीचं अवघड गेलं. "रात्री सायरन ऐक, मग मला शिकव," असं म्हणून तिने फोन ठेवला. पुढच्या शुक्रवारी, शब्बाथ (ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) लागायच्या आधी, तिचाच फोन आला. आता दोघी आधी भाच्याबद्दल बोलतात. सरकारचा विषय निघाला की अजूनही खटके उडतात, आणि ते थांबतील असं मला वाटत नाही.