शिखरावर पोचलो, पण आनंद कुठे होता?

“एवढी तयारी केली, एवढा खर्च केला, आणि ऐन वेळी काहीच वाटलं नाही. माझ्यात काही बिघडलंय का?” समुपदेशक म्हणून हा प्रश्न हल्ली मला निरनिराळ्या लोकांकडून ऐकायला मिळतो. कुणी आवडत्या गायकाच्या कार्यक्रमाहून आलेलं असतं, कुणी वर्षभर ठरवलेल्या प्रवासाहून. आज ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांच्याकडे एक मोठा लाइव्ह कार्यक्रम होता आणि एक मोठा डोंगर, काही महिन्यांच्या अंतराने. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चाळिशीतले गृहस्थ. खुर्चीत नीट बसण्याआधीच त्यांनी फोन पुढे केला. आफ्रिकेतल्या किलिमांजारोच्या माथ्यावरची पाटी, उंची ५,८९५ मीटर, आणि पाटीला धरून उभे ते. “मॅडम, यात मी हसतोय ना, ते फक्त फोटोसाठी. आत सगळं सपाट होतं. एवढंच वाटत होतं की आता खाली कधी जाणार.”

मुळात डोंगर ठरला तोच एका कार्यक्रमामुळे. कॉलेजात असल्यापासून ज्या बँडची गाणी ते ऐकत आले, त्याचा स्टेडियममधला कार्यक्रम. ऑनलाइन रांगेत तासन्‌तास थांबून तिकिटं मिळवलेली. पहिल्याच गाण्याला शेजारी बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या आत पाहिलं, तर तिथे काहीच सापडेना. “ती रडतेय, पुढचा मुलगा रडतोय, आणि मी विचार करतोय की पार्किंगमधून गाडी कशी काढायची.” घरी आल्यावर त्यांना जरा भीतीच वाटली. म्हणून याहून मोठं, याहून अवघड काहीतरी करून बघायचं ठरलं. तिथे तरी वाटेल! माथ्यावरही वाटलं नाही, तेव्हा त्यांनी इंटरनेटवर शोधाशोध केली, नैराश्याच्या लक्षणांची यादी वाचली आणि माझी वेळ घेतली.

ती यादी मी गांभीर्यानेच घेते. नैराश्यात आनंद हरवतो, पण तो एका संध्याकाळपुरता किंवा एका शिखरापुरता हरवत नाही. निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ उदास वाटणं किंवा कशातच रस न वाटणं, आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता, थकवा यांच्या तक्रारी, स्वतःला कमी लेखणं, कधी जगण्याचाच कंटाळा. असं असेल तर नुसत्या गप्पांवर थांबू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांमुळेही भावना बोथट झाल्यासारख्या वाटू शकतात, म्हणून कोणती औषधं चालू आहेत हेही विचारते. यांची झोप ठीक होती, कामात लक्ष लागत होतं, धाकट्या मुलीच्या नकला सांगताना ते पोट धरून हसले. गोळ्या कुठल्याच नव्हत्या. आजाराची शक्यता बाजूला ठेवून पुढे जाता येत होतं.

मग मी म्हटलं, “त्या रात्रीचं सांगा. काय वाटलं ते नको, काय काय झालं तेवढंच.”

शेवटच्या तळावरून मध्यरात्रीच्या सुमारास निघायचं, म्हणजे उजाडता उजाडता माथा गाठता येतो. डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात पुढच्या माणसाच्या टाचा, बस. पायाखाली भुसभुशीत ज्वालामुखीची माती, दोन पावलं वर तर एक खाली. वाटाडे सारखं ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, म्हणत असतात. पाण्याच्या पिशवीची नळी गोठली. खिशातलं चॉकलेट काढायचं म्हणून त्यांनी वरचा जाड हातमोजा काढला, जॅकेटची चेन उघडली आणि नंतर ती बंदच होईना. बोटं ऐकेनात. वाटाड्या मागे वळला, एक शब्द न बोलता त्याने चेन हनुवटीपर्यंत ओढली, मोजा हातात चढवला, खांद्यावर एक थाप मारली आणि पुन्हा चालू लागला. हे सांगताना गृहस्थ खुर्चीतून उठले. माझ्या खोलीत उभे राहून ती चेन कशी ओढली, थाप कशी मारली हे त्यांनी करून दाखवलं. मग ज्वालामुखीच्या विवराच्या काठावरचा स्टेला पॉइंट आला. तिथे वाटलं की संपलं, आणि कळलं की अजून तासाभराची चाल आहे. तेव्हा तोंडातून निघालेली शिवीही त्यांनी मला ऐकवली, नंतर माफी मागितली.

बराच वेळ झाला होता, आणि ‘काहीच वाटलं नाही’ हे वाक्य एकदाही आलं नव्हतं. मी ते त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते थोडे चिडले. “हे आत्ता वाटतंय. तेव्हा नाही वाटलं. त्याला काय अर्थ आहे?”

प्रश्न रास्त होता. पण आनंद जागच्या जागी आणि त्याच क्षणी झाला तरच खरा, हे कुणी ठरवलं? त्या उंचीवर हवेचा दाब इतका कमी असतो की दर श्वासाला समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा ऑक्सिजन मिळतो. रात्रीची झोप नाही, अन्नावर वासना नाही, तापमान शून्याच्या बरंच खाली, आणि अर्धी वाट अजून उरलेली, कारण उतरायचंय. अशा वेळी शरीराला टिकून राहण्यापलीकडे दुसरं काम परवडत नाही. माथ्यावर भरून येणारी माणसं असतात, नाही असं नाही. पण ‘खाली कधी जायचं’ हा विचार तिथे अगदी शहाणपणाचा आहे. मी तर म्हणेन की त्यांचा मेंदू त्या क्षणी उत्तम काम करत होता.

जॉर्ज लोवेन्स्टाइन हे अर्थतज्ज्ञ स्वतः डोंगर चढणारे. १९९९ साली त्यांनी गिर्यारोहणावर एक निबंध लिहिला. माणूस सुखासाठी धडपडतो असं अर्थशास्त्र धरून चालतं, आणि गिर्यारोहकांचे वृत्तान्त वाचावेत तर त्यांत थंडी, भूक, भीती, वेदना आणि कंटाळा भरलेला. मग ही माणसं पुन्हा पुन्हा जातात कशाला, हा त्यांचा प्रश्न. स्वतःची परीक्षा, हाती घेतलेलं पुरं करण्याची ओढ, आपल्या हातात काहीतरी आहे ही जाणीव, अर्थ शोधणं, अशी कारणं त्यांनी मांडली. त्या क्षणीची मजा या यादीत फारशी कुठे दिसत नाही. हे ऐकून गृहस्थांचे खांदे जरा सैल झाले.

याच लोवेन्स्टाइन यांनी जोनाथन स्कूलर आणि डॅन अरिएली यांच्याबरोबर २००३ मध्ये एक काम प्रसिद्ध केलं, ते कार्यक्रमाच्या रात्रीला जास्त लागू पडतं. लोकांना ऑर्केस्ट्राची एक रचना ऐकवली. काहींना नुसतं ऐका म्हटलं. काहींना सांगितलं की ऐकताना जास्तीत जास्त आनंदी व्हायचा प्रयत्न करा, आणि काहींना आपण किती आनंदी आहोत हे सतत नोंदवत राहायला सांगितलं. नुसतं ऐकणारे बाकीच्यांपेक्षा बऱ्या मनःस्थितीत राहिले. त्याच कामात १९९९च्या अखेरच्या रात्रीची, म्हणजे नव्या सहस्रकाच्या स्वागताचीही पाहणी आहे. ज्यांनी जास्त अपेक्षा आणि जास्त खटाटोप केला होता, त्यांची निराशाही जास्त होती. आपले गृहस्थ स्टेडियममध्ये दर दोन मिनिटांनी आत डोकावत होते. उकळी आली का म्हणून सारखं झाकण काढत राहिलं की पाणी उकळायला उशीरच होणार.

मोजपट्टीही त्यांनी बायकोची घेतली होती. तिचे अश्रू हे प्रमाण, आणि आपण नापास. पण रडू येणं ही स्वभावाची गोष्ट आहे, प्रेमाची पावती नव्हे. काहींच्या अंगावर काटा येतो, काही गप्प होतात, काही ढोलकऱ्याच्या हातांकडे बघत बसतात. ‘आयुष्यात एकदा तरी हे कराच’ छापाच्या याद्यांनी आणि रील्सनी एकच चेहरा खरा ठरवून टाकलाय, डोळे मिटलेला, हात वर केलेला. माझ्याकडे येणाऱ्या गर्दीत त्या याद्यांचा मोठा हातभार आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

फोनचा विषय निघणार हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. “आता तुम्ही म्हणणार शूटिंग करू नका.” तसं मी म्हटलं नाही. फोटो काढल्याने अनुभव मारला जातो हे सरसकट खरं नाही. अनेकदा फोटो काढणारा जास्त बारकाईने बघतो. फरक पडतो तो कुणासाठी काढतोय याने. इतरांना दाखवायचाय हे डोक्यात असलं की आपण कसे दिसू याची काळजी मध्ये शिरते आणि मजा कमी होते, असं बाराश, झाउबरमन आणि डील यांच्या अभ्यासात दिसलंय. किलिमांजारोची पाटी त्यांनी खाली उतरायच्या आधी चार ग्रुपांवर टाकली होती.

पुढच्या भेटीसाठी त्यांना एक काम दिलं. कार्यक्रमाची रात्र लिहून आणायची, तासातासाने, ‘वाटलं’ हे क्रियापद न वापरता. काय ऐकू आलं, काय दिसलं, शेजारी कोण होतं, पाय कुठे दुखला. ही पद्धत मी बऱ्याच जणांना देते. भावना मागितली की माणूस परीक्षेला बसतो, तपशील मागितला की तो परत तिथे जाऊन बसतो.

ते चार पानं घेऊन आले. पहिल्या दोन पानांवर तक्रारी: रंगमंच इतका लांब की शेवटी पडद्यावरच बघायचं, पुढच्याचं डोकं, स्वच्छतागृहाची रांग. तिसऱ्या पानावर एक जागा होती. मधल्या एका गाण्यात माइकचा आवाज गेला. पहिल्या भेटीत हे त्यांनी ‘एवढे पैसे घेतात आणि माइक बंद पडतो’ एवढ्यावर उडवून लावलं होतं. कागदावर मात्र असं होतं की आवाज गेल्यावर क्षणभर सगळे गप्प झाले, मग वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओळ उचलली, ती खाली उतरत आली, ड्रमवाल्याने काठ्या डोक्यावर धरून एकमेकींवर आपटत ठेका धरला आणि सगळं स्टेडियम ते कडवं म्हणत राहिलं. “मी पण म्हणत होतो,” ते म्हणाले. “त्याचं शूटिंग नाही माझ्याकडे. फोन कुठे होता कोण जाणे.”

याचा अर्थ तुम्हाला आनंद झालाच होता, असं मी त्यांना सांगितलं नाही. लोकांच्या वतीने भावना ठरवणं हे समुपदेशकाचं काम नाही. शिवाय आठवण नेहमी खरं बोलते असंही नाही. संशोधक टेरेन्स मिचेल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रवासाला निघालेल्या लोकांना आधी, दरम्यान आणि नंतर विचारलं, त्यात कॅलिफोर्नियातली तीन आठवड्यांची सायकल सहलही होती. आधीची अपेक्षा आणि नंतरची आठवण, दोन्ही प्रत्यक्ष अनुभवापेक्षा गोड निघाल्या. पाऊस, दमणूक, कुरबुरी झिरपून जातात आणि बाकीचं राहतं. गृहस्थांना हे फसवणुकीसारखं वाटलं. मला ते तितकं वाईट वाटत नाही, पण त्यांचं मत मी खोडून काढलं नाही.

एका भेटीला बायकोही आल्या. त्यांची बाजू वेगळीच होती. कार्यक्रमाहून परतताना गाडीत यांनी तोंड शिवल्यासारखं बसायचं, आणि डोंगरावरून फोन केला तेव्हा ‘हो, झालं’ एवढंच बोलायचं. त्यांना वाटत होतं, आपल्याबरोबरच यांचा जीव रमत नाही. स्वतःला तपासण्याच्या नादात शेजारच्या माणसाला काय दिसतंय, हे गृहस्थांच्या गावीही नव्हतं. त्या दिवशी बोलणं मुख्यतः त्या दोघांचंच झालं, मी बहुतेक वेळ गप्प होते.

नंतर ते एका छोट्या नाट्यगृहात नाटकाला गेले. अट एकच होती: संपल्यावर कसं होतं हे एकमेकांना विचारायचं नाही, त्यातलं काहीतरी सांगायचं. पहिल्या अंकात त्यांना चक्क कंटाळा आला. दुसऱ्या अंकात एका नटाच्या हातून कप पडून फुटला, आणि त्याने संवाद न तोडता, भूमिकेत राहूनच तुकडे कसे गोळा केले, हे त्यांनी मला दहा मिनिटं सांगितलं. नाटक कसलं होतं ते राहूनच गेलं.

एक गोष्ट त्यांना या सगळ्यातून कळली ती अशी की स्टेडियम त्यांना मुळात आवडतच नाही. बँड आवडतो, गर्दी नाही. माझ्या मते हे निदान कुठल्याही आजारापेक्षा अचूक आहे. पुढच्या मोठ्या कार्यक्रमाला बायको मैत्रिणीबरोबर जाणार आहेत, हे घरी राहणार आहेत, आणि त्यावरून भांडण झालेलं नाही. डोंगराचं मात्र अजून ठरत नाहीये. आणखी एक चढाई करावी असं मनात आहे, पण उतरताना दुखावलेला गुडघा काय म्हणतो त्यावर ते अवलंबून आहे, आणि त्यासाठी त्यांना मी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलंय.