विनोद कुणाच्या घरातला?

प्रश्न : माझी मुलगी मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांना एकत्र हसवणारी स्टँडअप कॉमेडी करायची, असं तिने ठरवलंय. यात करिअर होतं का? कुणाच्या भावना दुखावल्या तर? – एक आई

उत्तर : ताई, करिअर होतं, पण पदवी हातात असू द्या. सुरुवातीची काही वर्षं ओपन माइकवर, म्हणजे नवख्यांनाही काही मिनिटं मंच देणाऱ्या कार्यक्रमांत, पैसे जवळजवळ मिळत नाहीत. पुढेही निवेदन, लेखन, संस्थांचे कार्यक्रम यांची जोड लागतेच.

ही वाट नवी नाही. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर अरब आणि मुस्लिम लोकांकडे संशयाने पाहिलं जात होतं. त्याच काळात, २००३ साली डीन ओबैदल्ला आणि मेसून झायद या विनोदी कलाकारांनी न्यूयॉर्कमध्ये अरब-अमेरिकन कॉमेडी फेस्टिव्हल सुरू केला. बॉब आल्पर हे ज्यू रब्बी (धर्मगुरू) आणि मुस्लिम घरातले विनोदी कलाकार अहमद अहमद यांनी तर एकत्र कार्यक्रम केले.

तुमच्या प्रश्नातली भीती खरी आहे आणि तिचं उत्तर लिखाणातच आहे. नवखे कलाकार बहुतेकदा समोरच्या धर्मापासून सुरुवात करतात : त्यांचे कपडे, त्यांची बोलण्याची ढब. तिथेच फसतं, कारण माहिती ऐकीव असते आणि प्रेक्षकाला ते लगेच कळतं. तिला आधी स्वतःच्या घराबद्दल लिहू दे. उदाहरणार्थ : ‘प्रार्थनेला आमच्याकडे सगळे डोळे मिटतात. आजी एक उघडा ठेवते. कोण फसवतंय बघायला. देवाचा विश्वास असेल, आजीचा नाही!’ अशी आजी कुठल्याही धर्मात सापडते, म्हणून समोरचा आपल्या घरातली आठवून हसतो. ‘आपण सगळे एकच’ हे वेगळं सांगावं लागत नाही. सांगितलं की हशा पडतो तिथेच विरतो.

रचनाही पाहा. धक्का देणारा शब्द वाक्याच्या शेवटी हवा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘असं ती करत असते’सारखं शेपूट हशा खाऊन टाकतं. ते कापायचं. ‘आजीचा नाही’ इथे थांबायचं आणि हसू ओसरेपर्यंत पुढचं वाक्य सुरू करायचं नाही.

ओपन माइकवर साधारण तीन ते पाच मिनिटं मिळतात. वेळ संपत आली की दिवा दाखवतात. तो दिसल्यावर नवीन विषय काढायचा नाही. प्रत्येक प्रयोग फोनवर रेकॉर्ड करावा. घरी ऐकताना हशा कुठे पडला आणि नुसत्या टाळ्या कुठे पडल्या, हे वेगवेगळं लिहावं. धर्माच्या विषयात टाळ्या फार फसव्या असतात : लोक मताशी सहमत झालेले असतात, हसलेले नसतात. अशा जागा पुन्हा लिहाव्यात. एकच विनोद निदान दहा वेळा तपासल्याशिवाय पक्का मानू नये, आणि त्यातले काही प्रयोग ज्यांच्याबद्दल तो आहे त्यांच्यासमोरच व्हावेत. ते नसताना हमखास चालणारा आणि ते असताना ओठावर अडणारा विनोद सरळ टाकून द्यावा. माझ्या मते या कामाची खरी परीक्षा हीच आहे.

वर्षभरानंतर दुसऱ्या धर्मातल्या एखाद्या कलाकाराबरोबर जोडकार्यक्रम करता येईल. दोघांना पंधरा-पंधरा मिनिटं, शेवटची दहा मिनिटं दोघं एकत्र. एकमेकांचं लिखाण आधी वाचून ‘हे चुकीचं आहे’ असं सांगण्याची मुभा दोघांनाही हवी.

इंटरनेटवर टाकायच्या क्लिपची काळजी मात्र सगळ्यात जास्त घ्या. सभागृहात प्रेक्षकाने आधीची चार मिनिटं ऐकलेली असतात. तीस सेकंदांच्या तुकड्यात ती नसतात. धार्मिक विषयावरचा भाग एक तर पूर्ण प्रसिद्ध करावा, नाहीतर करूच नये. याबाबतचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, तेव्हा शंका आली तर प्रसिद्ध करण्याआधी वकिलाला दाखवा.

पहिल्या ओपन माइकला तुम्ही जरूर जा, पण मागच्या रांगेत बसा. पुढे आईचा चेहरा दिसला की मुलगी सगळ्या सभागृहाऐवजी तुमच्याशीच बोलत राहील.