अकापेला: हा ‘अ’ नकाराचा नव्हे

प्रश्न असा आहे: उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) ऑर्गन बंद ठेवून मिस्सात, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेत, गायलं, तर त्याला ‘अकापेला’ म्हणावं का?

खुशाल म्हणा. पण ‘अ म्हणजे विना, म्हणून अकापेला म्हणजे वाद्यांविना’ ही फोड आधी डोक्यातून काढा. सतत कानावर पडते आणि साफ चुकीची आहे. हा ‘अशक्य’, ‘अबोल’मधला अ नव्हे. मूळ इटालियनमध्ये ‘आ काप्पेल्ला’ असे दोन शब्द आहेत, अर्थ ‘चॅपेलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहाच्या, रीतीने’. वाद्यांचं त्यात नावही नाही.

खरी गंमत ‘काप्पेल्ला’त आहे. लॅटिनमध्ये ‘काप्पा’ म्हणजे अंगावरचा झगा आणि ‘काप्पेल्ला’ म्हणजे छोटा झगा. चौथ्या शतकात मार्टिन नावाच्या सैनिकाने, म्हणजे पुढच्या संत मार्टिनने, फ्रान्समधल्या आमियें शहराच्या वेशीवर कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून दिला, अशी आख्यायिका आहे. त्याचा झगा म्हणून फ्रँक राजांनी जो जपला, त्यावर हात ठेवून शपथा घेतल्या जात. लढाईलाही तो बरोबर नेत. तो जिथे ठेवला ती जागा काप्पेल्ला, तो सांभाळणारे काप्पेल्लानी. त्यातूनच चॅपेल, चॅप्लेन (चॅपेलचा धर्मगुरू) आणि पोर्तुगीजमार्गे कोकणीतलं ‘कोपेल’. पुढे तिथे गाणाऱ्या मंडळींनाच काप्पेल्ला म्हणू लागले.

कोशकार ‘वाद्यांविना’ हाच अर्थ आधी देतात, ते मला मुळीच मान्य नाही. जर्मन संगीतकार प्रेटोरियसने 1619 मध्ये तंतुवाद्यांच्या ताफ्यालाही ‘कापेल्ला’ म्हटलं आहे, आणि जर्मनमध्ये आजही ‘कापेले’ म्हणजे वाद्यवृंद! माझ्या मते ‘वाद्यांविना’ हा अर्थ व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलने चिकटवला. पोपचा गायनवृंद तिथे ऑर्गनशिवाय गात असे, आणि 19व्या शतकात पालेस्त्रीना या 16व्या शतकातल्या इटालियन संगीतकाराच्या चाहत्यांनी तीच रीत आदर्श मानली. एका चॅपेलची सवय शब्दाचा अर्थ होऊन बसली. म्हणून ऑर्गनवाला गायकांच्याच ओळी हळू आवाजात वाजवत असेल, तर जुन्या अर्थाने तेही आ काप्पेल्लाच.

आणि उपवासकाळात ऑर्गन बंदच हवा, असा नियमही नाही. गाण्याला आधार म्हणून तो चालतो. नुसतं वादन मात्र वर्ज्य. त्यालाही उपवासकाळातला चौथा रविवार आणि चर्चच्या पंचांगातले महोत्सव व सण अपवाद आहेत.

तरीही नुसत्या गळ्याने गाणार असाल तर स्वर उतरण्याची भीती असते. एकाच स्वरावर बराच वेळ अक्षरं म्हणताना आणि खाली येणाऱ्या ओळीत तो हमखास घसरतो. सुरुवातीला एकट्या निर्देशकाने गुणगुणून भागत नाही. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास या उंच ते खालच्या आवाजांच्या चारही गटांना आपापला पहिला स्वर ऑर्गनवर ऐकवा. शेवटचा स्वरमेळ संपल्यावर लगेच ऑर्गन सुरू करू नका, मध्ये थोडी शांतता जाऊ द्या. पाव स्वर जरी उतरला असेल, तरी लागलीच ऑर्गन वाजला की पहिल्याच सुराला तो फरक साऱ्या चर्चला ऐकू येतो.