दुसरी चावी खिशातच राहू द्या

प्रश्न : मी राजापूर तालुक्यात राहतो. माझी २०१० सालची डिझेल गाडी आहे. दुसरा-तिसरा गिअर टाकताना करकर वाजायचं म्हणून मार्चमध्ये कोल्हापूरच्या एका गॅरेजात गिअरबॉक्स उतरवून काम करून घेतलं. ३४,००० रुपये यूपीआयने दिले. बिल नाही, नुसती चिठ्ठी : ‘सिंक्रो रिंगा, क्लचप्लेट, मजुरी’. जुलैत अणुस्कुरा घाट उतरताना तिसरा गिअर आपोआप सुटू लागला. गाडी पुन्हा तिथंच नेली. त्यानं मला न विचारता बॉक्स खोलला, परत सिंक्रो रिंग (गिअर अलगद बसवणारी कडी) बदलली आणि आता १६,००० मागतोय, वर रोजचे २०० रुपये पार्किंग. ‘जुन्या गाडीला गॅरंटी नसते’ म्हणतो. दुसरी चावी माझ्याकडे आहे. रात्री जाऊन माझीच गाडी आणली तर गुन्हा होतो का? मधे एकदा राजापूरच्या जवाहर चौकात अर्जुना नदीच्या पुराच्या पाण्यातून गाडी काढली होती, तेही सांगून ठेवतो.

उत्तर : आधी चावीचं बोलू, कारण बाकी सगळं निस्तरता येईल, ते नाही.

आपलीच वस्तू आपण चोरू शकतो का? शकतो. १८६०च्या दंडसंहितेत चोरीच्या कलमाखाली घड्याळाचं उदाहरण होतं, तेच आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली आहे. घड्याळ दुरुस्तीला दिलं, मजुरी देणं बाकी आहे, दुकानदारानं त्यापोटी घड्याळ कायदेशीरपणे अडवून ठेवलंय. अशा वेळी त्याचं तारण बुडवायच्या इराद्यानं मालकानं ते उचललं, तर ती चोरी. त्याच्याच आधीचं उदाहरण उलटं आहे : काही देणं नसताना मालकानं घड्याळ हिसकावून नेलं, तर चोरी नाही, पण आगळीक (बेकायदा आत शिरणं) आणि हल्ल्याचा गुन्हा होऊ शकतो. तुम्ही या दोन उदाहरणांच्या मधोमध उभे आहात. ते १६,००० खरंच देणं आहे की नाही हाच तर वाद आहे. तो रात्री दोन वाजता बंद शटरसमोर सोडवू नका.

गॅरेजवाल्याचा अडवून ठेवण्याचा हक्क खरा आहे, पण अरुंद. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम १७० प्रमाणे ज्यानं वस्तूवर मेहनत किंवा कसब खर्च केलं, त्याला त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. मात्र काम सोपवलेलं हवं. तुम्ही गाडी नेलीत ती मार्चचं काम फसलं म्हणून. नवं काम सांगितलं नव्हतं, अंदाजपत्रकाला होकार दिला नव्हता. पार्किंगचं तर सोडूनच द्या. आधी ठरलेलं नसेल, तर स्वतःच अडवून ठेवलेल्या गाडीचं भाडं मागणं म्हणजे चोर तो चोर आणि वर शिरजोर.

‘जुन्या गाडीला गॅरंटी नसते’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. गाडी १५ वर्षांची असो की ५, सिंक्रो रिंग बदलल्याचे पैसे घेतले असतील तर ती नीट बदललेली असायला हवी. तुमचा सगळ्यात पक्का मुद्दा तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात. मार्चच्या चिठ्ठीवर रिंगा आहेत, मग चार महिन्यांत तीच रिंग पुन्हा का बदलावी लागली? एक तर तेव्हा घातलीच नाही, किंवा घातलेला माल निकृष्ट, किंवा जुळणी चुकली. तिन्हींत सेवेतली त्रुटी त्याचीच.

तो पुराकडे बोट दाखवेल. दाखवू द्या, पण तयारीत राहा. गिअरबॉक्सला हवा खेळायला नळी असते, तिच्यातून पाणी आत गेलं तर ऑइल दुधाळ होतं, जास्त दूध घातलेल्या चहासारखं. तसं निघालं असेल तर त्यानं फोटो काढून तुम्हाला लगेच कळवायला हवं होतं. माझ्या ओळखीच्या मिस्त्रीचं म्हणणं असं, की पाण्यानं आधी बेअरिंग ओरडतात. एकच गिअर सुटतो तेव्हा गिअर धरून ठेवणाऱ्या स्लीव्हचे दात, ती सरकवणारा शिफ्टर फोर्क किंवा जुळणी बघावी. मी वकील, मिस्त्री नव्हे. हे एखाद्या जाणकाराकडून लेखी घ्या. ऑइल खरंच दुधाळ होतं असं निघालं तर तुमची केस लंगडी पडते, हेही आत्ताच सांगतो.

आता करायचं काय? स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा. तीत पक्कं बिल मागा आणि काढलेले जुने भाग मागा, दोन्ही वेळचे. ती पितळी रिंग तुमची मालमत्ता आहे, आणि तिच्या दातांची झीज साक्षीदारापेक्षा खरं बोलते. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेही लिहा. पोलिसांकडे मात्र धावू नका. ते ‘दिवाणी बाब’ म्हणून परत पाठवतील आणि तुमचा दिवस जाईल.

गाडीची घाई असेल तर १६,००० ‘हरकत राखून’ भरा, तसं व्हॉट्सॅपवर लिहा आणि गाडी सोडवा. मग पैसे परत मागायला ग्राहक आयोगात जा. त्यासाठी घाट चढायची गरज नाही. १९८६च्या जुन्या कायद्यात बहुधा कोल्हापूर गाठावं लागलं असतं. आता तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात तक्रार चालते, म्हणजे रत्नागिरीत. सेवेपोटी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत २ वर्षांची, वकील सक्तीचा नाही (हे लिहिताना माझंच नुकसान करतोय). पैसे भरायचे नसतील तर तक्रारीसोबत अंतरिम आदेशाचा अर्ज करा : वादातली रक्कम आयोगात जमा करतो, गाडी सोडायला सांगा. निकाल कायद्यात ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५ महिन्यांत अपेक्षित आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त धरा. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा. काही गॅरेजवाले तेवढ्यानंच नरमतात.

गाडी हातात आली की दुसऱ्या मिस्त्रीकडून लगेच बॉक्स खोलून घेऊ नका. आधी या गॅरेजला तारीख कळवा, हजर राहायला सांगा. नाहीतर ‘तुमच्याच माणसानं बिघडवला’ हे उत्तर तयारच असतं. आणि आणायला जाताना सोबत कुणी तरी न्या, मीटरचा फोटो काढा, रिंगा ठेवायला एक जाड पिशवी घ्या.