आधी जागा दाखव

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे भाषण दोन्ही वाचले. तुमच्या तालुक्यातून जाणाऱ्या नव्या महामार्गाची पर्यावरणविषयक जनसुनावणी जाहीर झाली आहे, गावातली मुले बहिष्काराची भाषा करीत आहेत, चुलत्यांना मोबदल्याच्या आकड्याखेरीज दुसरे काही सुचत नाही, आणि आखणी आधीच ठरलेली असताना सुनावणीला जाणे म्हणजे त्या निर्णयावर आपणच अंगठा उठवणे नव्हे का, असे तू विचारतेस. प्रश्न रास्त आहे. भाषण मात्र मला मुळीच पसंत पडले नाही. त्यात हवामानबदल आहे, विकासाची व्याख्या आहे, पुढच्या पिढ्या आहेत. पण तुमच्या शिवारातला एकही ओढा नाही, एकही विहीर नाही, एकही गट नंबर नाही. कोणत्याही राज्यातल्या कोणत्याही रस्त्याच्या सुनावणीत ते जसेच्या तसे वाचता येईल, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे प्रकल्पधारकाला, म्हणजे रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेला, सर्वांत सोपे जाईल.

त्या मांडवात नेमके काय घडते, ते आधी नीट समजून घे. केंद्र सरकारच्या 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणी भरवते प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि अध्यक्षस्थानी असतात जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी नसलेल्या दर्जाचा त्यांचा प्रतिनिधी. तिथे मतदान होत नाही आणि निर्णयही होत नाही. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी सुनावणी झाली असेच धरले जाते. निर्णय होतो तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवर, दिल्लीत किंवा मुंबईत, आणि त्या समितीतल्या माणसांनी तुमचे शिवार पाहिलेले असेलच असे नाही. त्यांच्यासमोर येतात ते कागद: सुनावणीचे इतिवृत्त, उपस्थित झालेल्या मुद्द्यांचा तक्ता आणि प्रत्येक मुद्द्यासमोर प्रकल्पधारकाचे उत्तर.

तो तक्ता मी अनेकदा पाहिला आहे. डाव्या रकान्यात लिहिलेले असते, ‘महामार्गामुळे पर्यावरणाचा ऱ्हास होईल’. उजव्या रकान्यात उत्तर असते, ‘आवश्यक त्या सर्व उपाययोजना करण्यात येतील’. ओळ संपली. चार तास घसा कोरडा करून केलेल्या भाषणांचा त्या तक्त्यात एवढाच अवशेष उरतो. आता त्याच डाव्या रकान्यात असे आले की, अमुक गटातून वाहणाऱ्या ओढ्याला श्रावणात बांधावरून पाणी जाते, प्रकल्पाच्या पर्यावरणीय आघात अहवालातल्या नकाशात तो ओढा दाखवलेला नाही, आणि त्या चेनेजला (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या त्या अंतरावर) मोरीऐवजी सलग भराव प्रस्तावित आहे, तर उजव्या रकान्यात ‘सर्व उपाययोजना’ लिहून भागत नाही. कोणाला तरी तिथे जाऊन पाहावे लागते, किंवा पाहिले नाही हे कागदावर उघडे पडते. म्हणून मी तुला पुन्हा पुन्हा एकच सांगणार आहे आणि तुला त्याचा कंटाळा आला तरी सांगणार आहे: जागा दाखव. हरकत जागेवर उभी असली तरच ती हरकत.

बहिष्काराबद्दल माझे मत तुझ्या मित्रांना आवडणार नाही. सुनावणी उधळली की प्रकल्प अडतो, हा समज चुकीचा आहे. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने म्हणणे मांडता येणार नाही असा अहवाल वर गेला, तर सल्लामसलतीतून जनसुनावणीच वगळण्याचा अधिकार त्याच अधिसूचनेने मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाला दिलेला आहे. म्हणजे आपण मांडव मोडायचा आणि त्याचा लाभ समोरच्याने घ्यायचा. असा एक बहिष्कार मी जवळून पाहिला आहे. एका गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव होता आणि त्याच्या पाण्यावर खालच्या विहिरी उन्हाळ्यात तग धरून असत. रस्त्याचा भराव तलावात येणारे पाणी तोडणार, हे गुराख्यालाही कळत होते. परंतु ज्यांना ते कळत होते, ते सगळे त्या दिवशी वेशीवर घोषणा देत उभे राहिले. मी आत चला म्हणून विनवीत होतो. माझे कोणी ऐकले नाही. इतिवृत्तात त्या तलावाचे नावही आले नाही आणि पुढे ज्या ज्या दारात आम्ही गेलो, तिथे आम्हाला एकच विचारले गेले की, हे तुम्ही सुनावणीत का मांडले नाही. त्या गावातल्या विहिरींना आता फेब्रुवारीतच तळ दिसतो. ते आठवले की बहिष्कार हा शब्द ऐकूनही माझा तोल जातो, तेव्हा या परिच्छेदातला कडवटपणा तू समजून घे.

आणि सुनावणी मिळणे ही आपल्याकडे गृहीत धरण्याची गोष्ट नाही, हेही त्या मुलांना सांग. त्याच अधिसूचनेतल्या ऑगस्ट 2013 च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण 100 किलोमीटरपेक्षा लांब नसेल तर त्याला पर्यावरण मंजुरीच लागत नाही, मग सुनावणी कुठली? उत्तराखंडातला सुमारे 900 किलोमीटरचा चारधाम रस्ता 53 तुकड्यांत विभागला गेला आणि संपूर्ण रस्त्याचा पर्यावरणीय आघात अभ्यास झालाच नाही. तिथल्या माणसांना जे व्यासपीठ कधी मिळाले नाही, ते तुम्हाला मिळाले आहे.

आता अहवालाकडे वळतो, कारण खरे काम तिथे आहे. सुनावणीची जाहीर सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात आणि संबंधित ग्रामपंचायतीत पाहायला ठेवावा लागतो, आणि त्याचा सारांश मराठीत द्यावा लागतो. सारांशावर थांबू नकोस. सारांशात जागा नसतात. मूळ अहवाल इंग्रजीत असेल, जाडजूड असेल, तरी त्याचे तिसरे, चौथे आणि पाचवे प्रकरण तू वाचलेच पाहिजेस: परिसराची सद्यःस्थिती, अपेक्षित परिणाम, आणि पर्यायांचे विश्लेषण. यांतले तिसरे प्रकरण हातात घेऊन शिवारात चाल. घरी बसून वाचशील तर सगळे बरोबरच वाटेल.

चालताना ध्यानात ठेव की, ही माहिती साधारणपणे पावसाळा सोडून एका हंगामात गोळा केलेली असते. मार्चमध्ये आलेल्या सर्वेक्षकाला कोरडी घळ दिसते. जुलैत तिथून किती पाणी जाते हे तुझ्या आजीला माहीत आहे, त्याला नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरात कोल्हापूरजवळ शिरोलीला पुणे–बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि वाहतूक बंद पडली, तेव्हापासून भरावाची उंची आणि मोऱ्यांची रुंदी हा केवळ अभियंत्यांचा विषय आहे असे मी कोणालाही म्हणू देत नाही. प्रत्येक ओढ्याशी थांब. पुराचे पाणी कोणत्या वर्षी कोणत्या झाडापर्यंत, कोणत्या पायरीपर्यंत आले होते ते म्हाताऱ्या माणसांना विचार, गट नंबर लिही, फोटो काढ, आणि अहवालातल्या मोऱ्यांच्या यादीत तो ओढा आहे का ते पाहा. पाणंद कुठे तुटते, गुरे पलीकडच्या गायरानात कशी जाणार, ऊस घेऊन जाणारा ट्रॅक्टर भुयारी मार्गातून जाईल एवढी उंची आहे का, शाळेला जाणाऱ्या मुली किती लांबचा वळसा घेतील, हे सगळे जागेसकट लिही. भरावासाठी मुरूम आणि माती कोणत्या टेकडीतून येणार, हे तर आवर्जून विचार. रस्ते वगैरे रेषीय प्रकल्पांसाठी साधी माती काढायला पर्यावरण मंजुरीतून सरसकट सूट देणारी मार्च 2020 ची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने 21 मार्च 2024 रोजी रद्द केली, आणि लोकांच्या हरकती न मागवता ती सूट दिली गेली, हा त्या निकालातला महत्त्वाचा मुद्दा होता. तेव्हा टेकडीचे नाव विचारण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे.

आखणी ठरलेलीच आहे, मग काय उपयोग, हा तुझा मुख्य प्रश्न मी टाळलेला नाही. होय, बहुतेक वेळा आखणी आधी ठरते आणि सुनावणी नंतर येते. चेन्नई–सेलम महामार्गाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 8 डिसेंबर 2020 रोजी असेच म्हटले की, भूसंपादनाची अधिसूचना काढण्यापूर्वी पर्यावरण मंजुरी घेणे बंधनकारक नाही. प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी ती घ्यावी लागेल. हा क्रम मला आजही पटत नाही. जमिनीवर खुणांचे दगड पडल्यावर पर्यायांची चर्चा करायची, याने सल्लामसलतीचा जीवच जातो. परंतु पर्यायांचे विश्लेषण अहवालात असावे लागते, आणि ते बहुतेकदा दीड पानात उरकलेले असते: तीन रंगांच्या तीन रेषा आणि निवडलेल्या रेषेपुढे ‘सर्वांत योग्य’ असा शेरा. तिथेच बोट ठेव. दुसरी रेषा कोणत्या गावाजवळून, कोणत्या माळरानावरून जात होती, ती का सोडली, तिच्यात किती बागायत वाचत होती, हे जागेवर जाऊन पाहून विचार. रस्ता नकोच असे तुमचे म्हणणे असेल तर तेही म्हणा, पण तेही जागा दाखवूनच म्हणा.

माझ्यावर यासाठी पुष्कळ टीका झाली आहे. रस्त्याला विरोध करायचे सोडून हा माणूस मोऱ्या मोजत बसतो, याने लढा पातळ केला, असे माझ्याच बरोबरीच्या माणसांनी जाहीर सभेत म्हटले, आणि त्यांतले काही अजून माझ्याशी बोलत नाहीत. मला ते तेव्हा मान्य नव्हते, आजही नाही. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर प्राण्यांना जाण्यासाठी रस्त्याखालून नऊ मार्ग ठेवले गेले. त्यांतला सर्वांत लांब 750 मीटरचा आहे, आणि त्यांतून जाणारे वाघ कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. न्यायालयापर्यंत गेलेल्या दीर्घ वादानंतर ते झाले. ‘जंगल वाचवा’ एवढेच कोणी म्हणत राहिले असते, तर कोणत्या ठिकाणी किती लांबीचा मार्ग हवा हे कोण सांगणार होते? वाघ कुठून ओलांडतो हे ज्यांनी पाहून ठेवले होते, त्यांच्या शब्दाला तिथे वजन आले. याला लढा पातळ करणे म्हणणाऱ्यांशी माझे जुळणार नाही, आणि या वयात ते जुळवून घेण्याची मला गरजही वाटत नाही.

चुलत्यांना कमी लेखू नकोस. राष्ट्रीय महामार्ग कायद्याने संपादन असेल तर जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी कलम 3अ ची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून 21 दिवसांत हरकत घ्यावी लागते, ती वेगळ्या अधिकाऱ्याकडे आणि वेगळ्या कागदावर. तो त्यांचा हक्क आहे आणि त्यासाठी त्यांना मदत कर. मोबदल्याचा आणि पर्यावरणाचा अर्ज मात्र एकत्र करू नका, कारण मग पर्यावरणाच्या हरकतीला ‘मोबदल्याबाबत संबंधितांकडे अर्ज करावा’ असे उत्तर मिळते आणि ओढा त्यातच बुडतो. शिवाय चुलत्यांना प्रत्येक विहिरीचा झरा कोणत्या बाजूने येतो हे ठाऊक आहे, जे तुला नाही. त्यांना बरोबर घेऊन चाल. भाषण त्यांनी केले तर अधिक चांगले. तू कागद सांभाळ.

सर्वांना एकाच मजकुराचे छापील अर्ज वाटण्याची कल्पना सोडून दे. शंभर अर्जांत एकच मजकूर असला तर तक्त्यात त्याची एकच ओळ होते. दहा माणसांनी दहा वेगवेगळ्या जागा लिहून दिल्या तर दहा ओळी होतात. प्रत्येक अर्ज दोन प्रतींत कर, सुनावणीच्या आधीच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात दे, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. सुनावणीत तोच मुद्दा तोंडी मांडताना अर्जाचा आवक क्रमांक माईकवर सांग, म्हणजे तो चित्रीकरणात येईल. संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण करणे त्यांना बंधनकारक आहे. सुनावणीच्या शेवटी कामकाजाचा सारांश तिथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. बहुतेक लोक तोवर निघून गेलेले असतात. तुम्ही बसून राहा, आणि ओढ्याचे नाव वगळले गेले असेल तर तिथल्या तिथे उठून सांगा.

पुढे मंजुरी आली तर तिच्या अटी ओळ न ओळ वाच आणि तुम्ही दाखवलेल्या जागांपैकी कोणत्या आल्या, कोणत्या गळाल्या, ते मांडून ठेव. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करायला 30 दिवस मिळतात, पुरेसे कारण असेल तर आणखी 60. पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. त्या वेळी वकील तुझ्याकडे पहिल्यांदा शिक्क्याच्या प्रतीच मागेल, म्हणून त्या आजपासून एका वेगळ्या फाइलमध्ये लावत जा आणि एक संच मला टपालाने पाठव.

शुभाशीर्वाद.